हुकूम केव्हापासून?
(पत्त्यांच्या खेळातील सामर्थ्य व वेळ ह्यांविषयी एक पाठ)

पत्त्यांच्या डावात जे तंटे उत्पन्न होतात ते वरवर पाहता पानांविषयी असल्यासारखे दिसतात. परंतु थोड्या शांतपणे विचार केला असता असे आढळून येते की, त्यांतील बहुतेक तंटे पानांविषयी नसून वेळेविषयी असतात. एक्का राजाहून श्रेष्ठ, राजा राणीहून श्रेष्ठ, हुकमाची दुर्रीदेखील दुसऱ्या रंगाच्या एक्क्यास मारते, ह्याबद्दल कोणाचेही दुमत नसते. भांडण पेटते ते "ती दुर्री हुकूम झाली केव्हा?" ह्या प्रश्नावर. पान तेच, त्याचे सामर्थ्यही सर्वांस मान्य. मात्र ते सामर्थ्य कोणत्या क्षणी त्याच्या अंगी आले, हे कोणीच आधी ठरविलेले नसते. ह्या एका मुद्द्याची फोड करावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

शाळेच्या वार्षिकात पत्त्यांवर लेख यावा हे काही पालकांस रुचणार नाही, ह्याची आम्हांस कल्पना आहे. आमच्या लहानपणीही पुष्कळ सभ्य घरांत पत्त्यांचा कॅट कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर, कापडात गुंडाळून ठेवलेला असे. पण पत्ते आणि जुगार ह्या दोन भिन्न वस्तू होत. १८८७ च्या मुंबईच्या जुगार प्रतिबंधक कायद्यानेही केवळ कौशल्याचा जो खेळ त्यास आपल्या कक्षेतून वगळले. आणि १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीच्या खेळात कौशल्याचा भाग प्रमुख असल्याचा निर्वाळा दिला. पैसा लावला की गोष्ट निराळी. आमच्या मुलांनी एक पैही लावू नये, ह्या अटीवर आम्ही पुढे लिहितो.

शिवाय आमच्या मुलुखाचा पाऊस लक्षात घ्यावा. मृग लागला म्हणजे कर्जत आणि खालापूर ह्या दोन्ही तालुक्यांत क्रीडांगण हे क्रीडांगण राहात नाही. उल्हास आणि पाताळगंगा दुथडी भरून वाहू लागतात, आणि मुले ओसरीवर येऊन बसतात. मग कोणीतरी कॅट काढतो. चौघे जमले तर मेंढीकोट, तिघेच असले तर पाच-तीन-दोन, घरात लहान भावंडे असली तर बदामसात किंवा गुलामचोर. आणि अर्ध्या घटकेत कोणाचा तरी आवाज चढतो.

गेल्या पावसाळ्यात असाच एक प्रसंग आमच्यापर्यंत आला. एकाच बाकावर बसणारे दोन विद्यार्थी, एक माथेरानच्या पायथ्याच्या गावचा व दुसरा खालापूरकडचा, इस्पिकच्या एका तिर्रीवरून नऊ दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. आम्ही दोघांस निरनिराळे बोलावून विचारले. प्रत्येकाने खात्रीपूर्वक सांगितले की, दुसऱ्याने लबाडी केली. दोघांचे म्हणणे ऐकून घेतल्यावर आमच्या ध्यानात आले की, लबाडी कोणीच केली नव्हती. प्रत्येकजण आपापल्या घरी, आपल्या आजोबांच्या वा मामांच्या हाताखाली जो मेंढीकोट शिकला होता तोच खेळत होता. आणि ती दोन घरे एका बाबतीत निराळी होती. खेळातील हार मनुष्य विसरतो. पण "माझा मित्र लबाड आहे" हा समज मनात बसला म्हणजे तो सहसा निघत नाही. आणि येथे तर तो समज सर्वस्वी निराधार होता! म्हणून ती तिर्री आपण नीट तपासू.

मेंढीकोट कसा खेळतात हे बहुतेकांस ठाऊक आहे. तथापि परगावच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. चार खेळगडी, समोरासमोरचे दोघे भिडू. बावन्न पाने, प्रत्येकास तेरा. ज्या रंगाची उतारी झाली त्याच रंगाचे पान हातात असल्यास ते दिलेच पाहिजे. दश्शीला मेंढी म्हणतात, आणि सारा खेळ ह्या चार मेंढ्यांसाठी असतो. ज्या पक्षाने तीन मेंढ्या मिळविल्या तो जिंकला. चारही मिळविल्या तर कोट झाला. दोन-दोन वाटल्या गेल्या तर ज्याचे हात अधिक तो विजयी. तेराही हात एकाच पक्षाने केले तर तो बावन्न पानांचा कोट, आणि तो ज्यांच्यावर चढतो ते त्या दिवशी पुन्हा खेळावयास बसत नाहीत.

हुकूम ठरविण्याच्या मुख्य रीती दोन. एक 'बंद हुकूम' : एक खेळगडी आपल्या हातातील एक पान पालथे मांडून ठेवतो, त्याचा रंग तोच हुकूम, पण तो कोणता हे त्याच्यावाचून कोणास ठाऊक नसते. ज्याच्याजवळ उतारीच्या रंगाचे पान नाही त्याने मागणी केली म्हणजे ते पान उघडावयाचे. दुसरी रीत 'कट हुकूम' : आरंभी हुकूम नसतोच, पहिल्याने ज्याच्याजवळ उतारीचा रंग नसेल तो जे पान टाकील त्याचा रंग हुकूम होतो.

आता आपल्या उदाहरणातील चौघांस आपण त्यांच्या गावांची नावे देऊ. वर्तुळात क्रमाने कर्जतकर, खालापूरकर, नेरळकर व खोपोलीकर बसले आहेत. कर्जतकर व नेरळकर एका बाजूचे. खालापूरकर व खोपोलीकर दुसऱ्या बाजूचे. हुकूम बंद आहे आणि तो कर्जतकराने लाविला आहे. पाच हात होऊन गेले, हुकूम अजून कोणी मागितलेला नाही, बदामचा एक्का आधीच पडून गेला आहे. सहाव्या हातास कर्जतकर बदामचा राजा उतरतो. खालापूरकराजवळ बदाम नाही. त्याला हुकूम मागण्याचा हक्क आहे. पण तो मागत नाही, आणि निरुपयोगी म्हणून इस्पिकची तिर्री टाकून देतो. नेरळकर पाहतो की, आपल्या भिडूचा राजा वर आहे. तो आनंदाने बदामची मेंढी देतो. शेवटी खोपोलीकर. त्याच्याजवळही बदाम नाही. तो म्हणतो, "हुकूम उघडा." कर्जतकर पालथे पान उलटतो, आणि काय? इस्पिक! खोपोलीकराच्या हातात इस्पिकचे एकही पान नाही. तो बिचारा किलवरची दुर्री टाकतो. परंतु लगेच त्याची नजर भिडूच्या तिर्रीवर जाते आणि तो ओरडतो, "तिर्री हुकमाची आहे! हात आमचा, मेंढी आमची!"

हात कोणाचा?

घाईने उत्तर देऊ नका. प्रथम हे पाहा की, कोणत्याही पानाच्या विशेष सामर्थ्याबद्दल तीन गोष्टी निरनिराळ्या विचारावयाच्या असतात. ते सामर्थ्य आपोआप येते की मागावे लागते? मागावयाचे तर ते कोणी, आणि कोणत्या क्षणापर्यंत? आणि एकदा आले म्हणजे ते कोठपासून मोजावयाचे : त्या पानापासून, त्या हाताच्या आरंभापासून, की डावाच्या आरंभापासून? आमच्या दोघा विद्यार्थ्यांचे पहिल्या दोन प्रश्नांवर एकमत होते. तिसरा प्रश्न त्यांच्यापैकी कोणी कधी स्वतःस विचारलाच नव्हता.

आमचे मत असे की, हात कर्जतकराचा. हुकमाचे सामर्थ्य हुकूम उघडल्या क्षणापासून पुढे चालते, मागे जात नाही. तिर्री पडली तेव्हा ती एक साधी तिर्री होती. पडून गेलेल्या पानास मागाहून मोठेपण देता येत नाही. ह्यास केवळ आवड म्हणू नये, कारण आहे. नेरळकराने मेंढी दिली ती, भिडूचा राजा वर आहे, हे डोळ्यांनी पाहून दिली. त्या क्षणी त्यास जे ठाऊक होते त्याच्या आधाराने त्याने बुद्धीने खेळ केला. तिर्री मागाहून हुकूम ठरली, तर त्याला शिक्षा झाली ती त्याच्या चुकीबद्दल नव्हे. जे त्याला कळणे शक्य नव्हते त्याबद्दल झाली. उलटपक्षी खालापूरकरास हुकूम मागण्याची संधी होती, ती त्याने सोडली. सोडलेल्या संधीचे फळ भिडूच्या तोंडून मागणे हे बरे नव्हे.

वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांनी नागरिकशास्त्राच्या तासाची आठवण करावी. १९५० पासून अमलात असलेल्या आपल्या संविधानाच्या २० व्या अनुच्छेदात असे सांगितले आहे की, कृत्य घडले त्या वेळी जो कायदा अमलात होता त्याचा भंग झाल्यावाचून कोणासही अपराधी ठरविता येत नाही. आज कायदा करावा आणि कालच्या कृत्याबद्दल शिक्षा द्यावी, हे चालत नाही. मोठमोठ्या पंडितांनी जो विचार राज्याच्या घटनेत घातला, तोच ओसरीवरच्या तिर्रीस लागू पडतो.

किंवा ह्याहून घरगुती दृष्टांत हवा असेल तर कर्जत स्टेशनात जाऊन उभे राहावे. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीस बोरघाट चढण्यासाठी तेथे मागून जादा इंजिने लावतात. इंजिन बाजूच्या रुळावर उभे असते तेव्हाही त्याच्या अंगी बळ असतेच. पण जोडल्यावाचून ते त्या गाडीच्या उपयोगी पडत नाही, आणि जोडले म्हणजे पळसदरीकडच्या पुढच्या वाटेवर उपयोगी पडते. नेरळ ते कर्जत हा झालेला प्रवास त्या इंजिनाने जलद केला, असे कोणी म्हणत नाही.

तरीही न्यायाची गोष्ट बोलावयाची तर हेही सांगितले पाहिजे की, दुसरी रीत अगदी चुकीची आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्या घरांत "हुकूम ज्या हातात उघडला त्या हातातील त्या रंगाची सर्व पाने हुकूम" असा संकेत आहे, तेथे नेरळकर आपली मेंढी इतक्या आनंदाने देणार नाही. मागे एक मनुष्य बसला आहे आणि तो हुकूम मागू शकेल, हे ध्यानात ठेवून तो खेळेल. तोही एक सुसंगत खेळ आहे, किंचित अधिक भीतीचा. नियम दोनपैकी कोणताही असो, तो पाने वाटण्यापूर्वी ठरलेला असावा. तिर्री टेबलावर दिसत असताना जो नियम सुचतो तो नियम नव्हे, ती वकिली होय. आमच्या त्या दोन विद्यार्थ्यांनी नंतर वहीच्या पाठीमागच्या पानावर सहा ओळींत आपले नियम लिहून काढले. सहावी ओळ लिहिताना त्यांचे पुन्हा भांडण झाले, परंतु ते बोलून झाले.

ती सहावी ओळ पालथ्या पानाविषयी होती, आणि तो प्रश्न खरोखरच नाजूक आहे. हुकूम लावणाऱ्याजवळ इस्पिकचे ते एकच पान आहे आणि ते पालथे पडले आहे. इतक्यात कोणी इस्पिकचीच उतारी करतो. आता त्याने पानास पान द्यावे की नाही? एक पक्ष म्हणतो, पान त्याचे आहे, दिलेच पाहिजे. दुसरा म्हणतो, पालथे पान हातात नाही. म्हणून त्याच्याजवळ इस्पिक नाही असे समजून त्याने खेळावे. आम्हांस दुसरे म्हणणे अधिक पटते. पालथे घातलेले पान हे जणू गहाण टाकलेल्या दागिन्यासारखे आहे. मालकी धन्याची, पण सोडविल्याखेरीज अंगावर घालता येत नाही. मात्र आमच्या मताला एक शेपूट जोडावे लागते : असे असल्यास त्याने तेथल्या तेथे स्वतः हुकूम उघडून ते पान खेळण्यास मुभा असावी. तसेच, जो हुकूम उघडावयास लावतो त्याच्याजवळ हुकमाचे पान असेल तर ते त्याने त्या हातास टाकलेच पाहिजे, असा निर्बंध कित्येक घरांत आहे, तो आम्हांस योग्य वाटतो. केवळ कुतूहल म्हणून दुसऱ्याचे गुपित फोडण्याचा हक्क कोणास नसावा.

कट हुकमात ही सारी गुंतागुंत नाहीशी होते, कारण तेथे पान पडणे आणि हुकूम होणे ह्या दोन क्रिया एकाच क्षणी घडतात. टाकणाऱ्याचे पानच हुकूम जाहीर करते आणि स्वतः हुकमाचे पहिले पान ठरते. म्हणून तेथे "मी सहज टाकले" हा बचाव चालत नाही. नवशिक्यांची येथेच फसगत होते. त्यांना वाटते की रंग नाही, तर एखादे फालतू पान द्यावे. आणि ज्या रंगाची त्यांच्या हातात दोनच पाने आहेत तोच रंग ते साऱ्या डावाचा राजा करून ठेवतात.

पाच-तीन-दोनच्या खेळात वेळेचा प्रश्न निराळ्या वेशात येतो. तीस पाने, तिघांस दहा-दहा; एकाने पाच, दुसऱ्याने तीन व तिसऱ्याने दोन हात करावयाचे. पाच हातवाल्यास पहिली पाच पाने मिळाली की हुकूम बोलावा लागतो. उरलेली पाच मागाहून येतात. म्हणजे अर्ध्या ज्ञानावर निर्णय घेणे हाच त्या हक्काचा मोबदला आहे. ज्याने सहावे पान उचलून पाहिले आणि मग हुकूम सांगितला, त्याने हक्क घेतला व मोबदला बुडविला. तेथे वाद न घालता पाने पुन्हा वाटावी. मागील डावात कमी हात झालेल्याच्या हातून पाने ओढण्याची जी मौज असते, तिच्या वेळेबद्दलही आधी बोलून घ्यावे : ओढणे हुकूम सांगण्याच्या आधी की नंतर? नंतर असेल तर ओढणाऱ्यास काय शोधावयाचे ते ठाऊक असते, आणि परत द्यावयाचे पान तो त्या हिशेबाने निवडतो.

आमच्या गुरुजनांपैकी एकजण म्हणत की पत्ते ही विलायती पीडा आहे. बावन्न पानांचा कॅट बाहेरून आला हे खरे. पण पानांचा खेळ आपल्याकडे जुना आहे. १५२७ साली बाबराने सिंधमधील शाह हसन ह्यास गंजिफा पाठविल्याचा उल्लेख बाबरनाम्यात आहे, आणि अबुल फजलने आईन-ए-अकबरीत अकबराच्या गंजिफ्याचे वर्णन केले आहे. आपल्या कोकणातच सावंतवाडीस दशावतारी गंजिफा आजही हाताने रंगवितात. पाने वाटोळी, कागदास चिंचोक्याची खळ देऊन वर लाखेचे रोगण. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने, मिळून १२०. मत्स्याचे चिन्ह मासा, कूर्माचे कासव, परशुरामाची कुऱ्हाड. ही कला लोपण्याच्या बेतात असता सावंतवाडीचे राजेसाहेब शिवरामराजे भोसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी ह्यांनी राजवाड्यातच चितारी बसवून ती पुन्हा उभी केली, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

आमच्या विषयास गंजिफ्यातील दोन गोष्टी फार उपकारक आहेत. पहिली ही की, खेळाचा आरंभ कोणी करावयाचा हे तेथे सूर्य ठरवितो! दिवसा खेळ मांडला तर रामाचा राजा ज्याच्याजवळ असेल त्याने आरंभ करावयाचा. रात्री मांडला तर कृष्णाच्या राजाने. पानाचे सामर्थ्य वेळेवर अवलंबून असते, हे तत्त्व ह्याहून स्पष्टपणे कोणी सांगितले असेल असे आम्हांस वाटत नाही. सायंकाळी दिवेलागणीस खेळ सुरू करणाऱ्यांचे काय होत असेल, हा विचार वाचकांनी करावा.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. गंजिफ्यात मेंढीकोटासारखा सर्व रंगांवर चढणारा हुकूम नाही. तेथे, एखाद्या रंगातील वरची सारी पाने पडून गेल्यावर जे पान त्या रंगात सर्वांत मोठे उरते, त्यास हुकूम म्हणतात. शिवाय निम्म्या रंगांत दहाचे पान एक्क्याहून मोठे, व उरलेल्या निम्म्यांत हाच क्रम उलटा, एक्का मोठा व दहा सर्वांत लहान. म्हणजे हातातील पान आज कोणत्या योग्यतेचे आहे हे त्याच्यावर छापलेल्या ठिपक्यांवरून कळत नाही. काय काय पडून गेले ते ज्याने लक्षात ठेवले त्यासच कळते. वस्तुतः मेंढीकोटातही तसेच आहे. बदामचा एक्का आणि राजा गेले की राणी हुकमी झाली. पण आम्ही खेळतो तेव्हा किती जण हे मोजतात?

पान परत घेण्याचा प्रश्न हाही वेळेचाच प्रश्न होय. "टाकले ते टाकले" असे म्हणणारे कडक गृहस्थ प्रत्येक आळीत असतात. ब्रिजच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ह्याचा फार सूक्ष्म विचार केलेला आढळतो. रंग हातात असून चुकून दुसरे पान टाकले, तर ती चूक कोठपर्यंत सुधारता येते? ज्याने चूक केली तो किंवा त्याचा भिडू पुढल्या हातास पान खेळेपर्यंत. त्यानंतर ती चूक कायम झाली असे मानून दंड होतो. हा नियम आम्हांस अत्यंत समंजस वाटतो, कारण मनुष्य चुकतो हे त्यात मान्य केले आहे, आणि चुकीचा फायदा त्यास पुढे नेऊ द्यावयाचा नाही हेही. मेंढीकोट खेळणारांनी तो जसाच्या तसा उचलावा.

हल्ली मुलांच्या दप्तरात उनोची रंगीत पाने सापडतात. हा खेळ १९७१ साली अमेरिकेतील ओहायो संस्थानात मर्ल रॉबिन्स नावाच्या न्हाव्याने काढला. ह्यात सामर्थ्य पानावरच छापलेले असते, म्हणून तंटे कमी होतील अशी कोणाचीही अपेक्षा असावी. पण मुलांचा ओरडा ऐकावा! दोन पाने घ्यावयास लावणारे पान कोणी टाकले, तर पुढच्याने तसलेच पान टाकून ओझे तिसऱ्याच्या गळ्यात घालावे की नाही? घरोघर घालतात, छापील नियमाप्रमाणे मात्र ते चालत नाही, पुढच्याने पाने उचलावी आणि आपली पाळी गमवावी. २०१९ साली खेळ काढणाऱ्या कंपनीने हे पुन्हा जाहीर केले तेव्हा जगभर लोक चकित झाले. चार पाने घ्यावयास लावणारे पान ह्याहून मौजेचे आहे : चालू रंगाचे पान हातात नसेल तेव्हाच ते टाकता येते. पुढच्यास संशय आला तर त्याने हात दाखविण्याचे आव्हान द्यावे. लबाडी सिद्ध झाली तर टाकणाऱ्याने चार पाने घ्यावी, न झाली तर आव्हान देणाऱ्याने सहा. आणि शेवटचे एक पान उरताना "उनो" म्हणावयास विसरलेल्यास पुढच्याची पाळी सुरू होण्यापूर्वी पकडले तरच दंड. पाळी सुरू झाली की तो सुटला. येथे पुन्हा तोच विचार दिसतो की, हक्कास अवधी असतो.

१९९३ साली अमेरिकेत रिचर्ड गारफील्ड ह्यांनी काढलेल्या 'मॅजिक : द गॅदरिंग' ह्या खेळात तर प्रत्येक पानावर निराळे सामर्थ्य लिहिलेले असते, आणि एकाने पान टाकले असता दुसरा त्यास तत्काळ उत्तर देऊ शकतो. अशा वेळी आधी कोणाचे फळ द्यावयाचे? १९९९ च्या नियमांपासून तेथे सरळ व्यवस्था आहे : पाने एकावर एक ताटे रचल्याप्रमाणे मोजावी, आणि सर्वांत वरचे, म्हणजे शेवटी आलेले, प्रथम फेडावे. एकाने वार केला, दुसऱ्याने त्यावर ढाल धरली, तर ढाल आधी आणि वार नंतर. ऐकावयास उलटे वाटते. पण घरी भांडी घासून रचणाऱ्यास ह्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

कर्जत-खोपोलीहून मुंबईस जाणाऱ्या लोकल गाड्यांत गुडघ्यांवर बॅग आडवी ठेवून खेळणारे नोकरदार बहुतेक वाचकांनी पाहिले असतील. त्यांचे नियम आम्हांस फार पसंत आहेत, कारण त्यांस स्टेशनाची मर्यादा असते. उतरावयाचे स्टेशन आले की डाव कोठे का असेना, मोडावा लागतो. त्याचा हिशेब कसा करावयाचा हे त्यांनी वर्षानुवर्षांच्या सहवासाने ठरवून टाकलेले असते, आणि तेथे वादाला वेळच नसतो.

आता विद्यार्थ्यांसाठी एक उदाहरण. तेच चौघे, त्याच क्रमाने बसले आहेत. ह्या वेळी कट हुकूम आहे व हुकूम अजून झालेला नाही. खोपोलीकर चौकटची राणी उतरतो. कर्जतकराजवळ चौकट नाही. तो किलवरची चव्वी टाकतो. खालापूरकराजवळही चौकट नाही. तो किलवरची मेंढी टाकतो. नेरळकराजवळ चौकटचा एक्का आहे, परंतु घाईत तो किलवरचा गुलाम टाकून मेंढी मारतो आणि हात उचलू लागतो. पुढली उतारी करण्यापूर्वीच त्याच्या भिडूची नजर त्याच्या चेहऱ्यावर जाते, नेरळकर आपली पाने पुन्हा पाहतो, आणि म्हणतो, "थांबा." हात कोणाचा? आणि मेंढी कोणाची?

उत्तर : चव्वी पडताच किलवर हुकूम झाला. म्हणून खालापूरकराची मेंढी हुकमाची मेंढी म्हणूनच पडली व चव्वीवर चढली. गुलाम तिच्याहून मोठा खरा. परंतु चौकट हातात असता तो टाकण्याचा नेरळकरास अधिकार नव्हता. पुढल्या हाताची उतारी झालेली नसल्यामुळे त्यास चूक सुधारता येते : गुलाम परत घ्यावा, एक्का द्यावा. हात व मेंढी खालापूरकराची. उतारी होऊन गेल्यावर ही गोष्ट उघडकीस आली असती तर काय करावयाचे, आणि कर्जतकराच्या जागी खालापूरकर बसला असता हुकूम कोणता झाला असता, हे प्रत्येकाने आपल्या वहीत लिहून आणावे.